विद्यापीठातील संगीत मैफली आणि सप्रयोग व्याख्याने: आयोजकांसाठी मार्गदर्शन

विद्यापीठातील मैफलीला येणाऱ्या श्रोत्यांपैकी बरेच जण आयुष्यात पहिल्यांदाच तानपुऱ्यांसमोर बसलेले असतात. संगीत मंडळाच्या बैठकीला येणारा श्रोता राग, घराणे, गायकाची परंपरा यांची थोडीफार ओळख घेऊन येतो. विद्यापीठात मात्र रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून थेट आलेला, मैत्रिणीच्या आग्रहाखातर बसलेला, वसतिगृहाची वेळ सांभाळणारा विद्यार्थी समोर असतो. हा पहिल्यांदा ऐकणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवूनच विषय, वेळ, जागा, ध्वनिव्यवस्था आणि भाषणांचा क्रम ठरवावा, असे अनेक वर्षे असे कार्यक्रम आखल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे. पुढील सूचना मुख्यतः हिंदुस्थानी रागसंगीताच्या कार्यक्रमांसाठी आहेत. कीर्तन, लावणी किंवा नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांनाही त्यातील बहुतेक लागू पडतात.

विषय लहान निवडावा

मैफल आणि व्याख्यान ही दोन वेगळी आयोजने मानण्याची सवय सोडून द्यावी. विद्यापीठाला सर्वांत शोभणारा प्रकार म्हणजे सप्रयोग व्याख्यान, ज्यात बोलणारी व्यक्ती गाऊन किंवा वाजवून आपले म्हणणे दाखवते. १९६८ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक झालेले अशोक दा. रानडे हे संगीतशास्त्रज्ञ होते आणि स्वतः गातही असत. शास्त्र आणि प्रत्यक्ष गायन एकाच व्यासपीठावर एकत्र नांदू शकतात, हे त्यांच्या कामातून महाराष्ट्राने पाहिले आहे. पुण्याच्या विद्यापीठातील ललित कला केंद्र १९८७ पासून गुरुकुल पद्धतीने संगीत, नृत्य आणि नाट्य शिकवत आले आहे. आपल्या विद्यापीठात असा विभाग असेल, तर आयोजनाच्या पहिल्या दिवसापासून त्याला सोबत घ्यावे.

‘भारतीय संगीताची ओळख’ हा विषय एका व्याख्यानासाठी घेऊ नये. तासाभरात काहीच पुरे होत नाही आणि श्रोता नावांच्या यादीपलीकडे काही घेऊन जात नाही. त्याऐवजी ‘भूप आणि देशकार’ एवढाच विषय घ्यावा. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर आहेत. तरीही भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरात गायला जातो आणि त्याचा वादी स्वर (रागातील सर्वांत महत्त्वाचा स्वर) गंधार आहे, तर देशकार सकाळचा असून त्याचा वादी धैवत आहे. कलाकाराला विनंती करावी की रागाचे नाव न सांगता दोन-दोन मिनिटे दोन्ही राग गावेत आणि आवाज कोणत्या स्वरावर येऊन विसावतो ते श्रोत्यांना विचारावे. एकदा असे घडताना मी पाहिले आहे. मागच्या रांगेतील एका विद्यार्थ्याने हात वर करून ‘दुसऱ्या वेळी तुम्ही वरच राहिलात, खाली फार आला नाहीत’ असे सांगितले. उत्तरांगप्रधान (सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात रमणारा राग) हा शब्द त्याला माहीत नव्हता, पण त्याच्या कानाने तो बरोबर पकडला होता. व्याख्यात्याने त्यानंतर तो शब्द फळ्यावर लिहिला आणि सभागृहातील प्रत्येकाला त्याचा अर्थ आपोआप कळला.

तालाचा विषयही असाच हाताला धरून शिकवता येतो. तबलजींनी त्रितालाचा ठेका धरावा आणि श्रोत्यांनी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी द्यावी, नवव्या मात्रेला हात उलटा करून ‘खाली’ (टाळीविना दाखवायची मात्रा) दाखवावी. ‘तिं तिं ता’ येताच डग्ग्याचा घुमारा थांबतो, हे एकदा लक्षात आले की सम (तालाची पहिली मात्रा) कुठे येणार याचा अंदाज श्रोता स्वतः बांधू लागतो. पुढे विलंबित, म्हणजे संथ लयीतील, एकताल ऐकताना त्या बारा मात्रांच्या एका आवर्तनाला (पूर्ण फेरीला) पाऊण मिनिट किंवा त्याहूनही अधिक लागू शकते, हे सांगून ठेवावे. नाहीतर नवा श्रोता समेची वाट पाहून थकतो आणि आपल्यालाच काही समजत नाही असा त्याचा ग्रह होतो.

विज्ञान विभागांना जोडून घेता आले तर फारच उत्तम. तबल्याच्या पुडीवरील शाईमुळे (मधल्या काळ्या थरामुळे) चामड्याच्या कंपनांना सुसंवादी उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) मिळतात, याविषयीचा निबंध सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला होता. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी हा भाग आलेखासह समजावावा आणि तबलजींनी तो वाजवून दाखवावा, असा संयुक्त कार्यक्रम विद्यापीठाबाहेर सहसा कुठेच होत नाही. संवादिनीचा, म्हणजे पेटीचा, गंधार हाही असाच विषय आहे. नीट जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या (सर्वांत खालच्या षड्जाच्या) तारेतून जो स्वयंभू, आपोआप उमटणारा गंधार ऐकू येतो, तो षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) असतो, तर समान अंतराने जुळवलेल्या पेटीचा गंधार ४०० सेंटवर. हा १४ सेंटचा फरक ऐकवता येतो, आणि ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी का घातली या चर्चेला तेथून नैसर्गिक सुरुवात होते.

तारीख आणि वेळ

सत्रपरीक्षांचे वेळापत्रक समोर ठेवूनच तारीख ठरवावी. बहुतेक विद्यापीठांत जुलैअखेर ते सप्टेंबर आणि जानेवारी ते फेब्रुवारी हे काळ सोयीचे असतात. गणेशोत्सवाचे दिवस टाळावेत, कारण त्या काळात चांगले साथीदार मिळणे कठीण जाते. नोव्हेंबरपासून मोठ्या महोत्सवांचा हंगाम सुरू होतो, त्यामुळे हिवाळ्यातील कार्यक्रमासाठी कलाकाराशी चार-पाच महिने आधी बोलणे झालेले असावे. पावसाळ्याचा एक लाभ सहसा कोणी घेत नाही, तो म्हणजे मल्हाराचे प्रकार त्यांच्या ऋतूत ऐकवता येतात. मात्र दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते आणि तारा स्वरातून सुटतात. स्वर जुळवण्यासाठी त्या दिवसांत जादा वेळ राखून ठेवावा.

दिवसाच्या वेळेबाबत विद्यापीठाकडे असे काही आहे जे शहरातील सभागृहांकडे नाही. नोकरदार श्रोत्यांसाठी बहुतेक मैफली संध्याकाळी सहानंतर होतात, त्यामुळे तोडी, जौनपुरी, सारंग, भीमपलास आणि मुलतानी हे राग प्रत्यक्ष बैठकीत ऐकायला फारच कमी मिळतात. विद्यार्थी मात्र सकाळी दहालाही आवारात असतो आणि दुपारी तीनलाही. सकाळच्या मैफलीत तोडी, भर दुपारी वृंदावनी सारंग किंवा चार वाजता मुलतानी ऐकवणे विद्यापीठाला सहज शक्य आहे. विभागप्रमुखांनी त्या दिवशीची दोन तासिकांची सूट आधी मंजूर करून घ्यावी, म्हणजे उपस्थितीचा प्रश्न उरत नाही.

या बाबतीतील एक कटू अनुभव मी विसरू शकलेलो नाही. एका विद्यापीठात फेब्रुवारीतील मैफल दुपारी साडेचारची ठरली होती आणि गायिकेने मुलतानीची तयारी केली होती. प्रमुख पाहुणे उशिरा आले. त्यानंतर दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, परिचय आणि तीन मनोगते झाली. गायिकेला गाण्यास बसवले तेव्हा सव्वासहा वाजले होते आणि खिडकीबाहेर सूर्य टेकला होता. त्यांनी शांतपणे तानपुऱ्याची पहिली तार पंचमावरून निषादावर नेली आणि पंचम नसलेला, सूर्यास्ताचा राग मारवा गायल्या. गाणे उत्तम झाले, परंतु जो राग ऐकवण्यासाठी दुपारची वेळ मुद्दाम निवडली होती तो श्रोत्यांना मिळाला नाही. ती तार बदलताना पाहणाऱ्या मोजक्या लोकांनाच काय गमावले ते कळले. त्या दिवसापासून औपचारिक भाग दहा मिनिटांच्या पुढे जाणार नाही, असे मी निमंत्रणपत्रिकेतच छापून घेतो आणि सत्कार मैफलीनंतर ठेवतो.

मैफल उघड्यावर घ्यायची असेल तर ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० पाहून ठेवावेत. या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही आणि ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते. शिक्षणसंस्थांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात मोडू शकतो. आपल्या आवाराची स्थिती पोलीस ठाण्यात आधीच विचारून घ्यावी. बंदिस्त सभागृहात ही अडचण येत नाही.

निमंत्रण, मानधन आणि कार्यालयीन टिपणी

कलाकाराशी पहिले बोलणे दूरध्वनीवर करावे आणि लगेच पत्र पाठवावे. पत्रात श्रोते कोण आहेत हे स्पष्ट लिहावे. उदाहरणार्थ: ‘आमचे बहुसंख्य श्रोते पदवीचे विद्यार्थी असून त्यांतील अनेक जण रागसंगीत प्रथमच ऐकणार आहेत. आपण दीड तास गावे आणि मध्ये दोनदा थांबून रागाविषयी थोडे बोलावे, अशी आमची नम्र विनंती आहे.’ या दोन वाक्यांवरून कलाकाराला कार्यक्रमाचा आराखडा करता येतो. काही थोर कलाकारांना गाण्याच्या मध्ये बोलणे रुचत नाही. त्यांच्यावर तसा आग्रह धरू नये. त्याऐवजी मैफलीपूर्वी एखाद्या जाणकार शिक्षकाने वीस मिनिटे विषय मांडावा.

मानधनाची गोष्ट संकोचाने अर्धवट सोडू नये. रक्कम किती, त्यात तबला आणि संवादिनीचे साथीदार धरले आहेत की त्यांना स्वतंत्र द्यायचे आहे, प्रवास कोणी करायचा, तानपुऱ्यावर बसणारे शिष्य किती असतील, हे सर्व लेखी ठरवावे. साथीदारांचे मानधन मुख्य कलाकाराच्या इतकेच वेळेवर मिळायला हवे, कारण पुढच्या वर्षी चांगला तबलजी आपल्याकडे येईल की नाही हे त्यावरच ठरते. विद्यापीठाचा वित्त विभाग धनादेश किंवा बँक हस्तांतरणानेच रक्कम देतो. म्हणून सर्वांचे पॅन आणि बँक तपशील, तसेच उद्गम करकपातीची माहिती आधी घ्यावी, आणि मंजुरीची टिपणी किमान सहा आठवडे अगोदर वर पाठवावी. विद्यार्थी विकास मंडळाच्या अंदाजपत्रकात वर्षाच्या प्रारंभी या कार्यक्रमांची स्वतंत्र तरतूद करून घेतली, तर दरवेळी नव्याने हात पसरावे लागत नाहीत. कलाकाराला ‘बिल पास झाले की कळवतो’ असे सांगण्याची वेळ येऊ देऊ नये.

जागा

आठशे आसनांचे दीक्षान्त सभागृह मैफलीसाठी घेऊ नये. त्यात दोनशे श्रोते बसले तरी सभागृह रिकामे दिसते, कलाकाराचा उत्साह मावळतो आणि मागे बसलेल्याला गायकाचा चेहरा दिसत नाही. दीडशे-दोनशे माणसे सतरंजीवर बसतील अशी खोली, ग्रंथालयाचे दालन किंवा विभागाचे छोटे सभागृह निवडावे. मंच दीड-दोन फुटांहून उंच नसावा. नव्या श्रोत्याला स्वर लावताना होणारी गायकाची हालचाल, समेवर साथीदारांची होणारी नजरानजर आणि तबल्यावरील बोटे जवळून दिसली, तर त्याचे अर्धे शिक्षण तेथेच होते.

खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवून पाहावी. टाळीमागे आवाज रेंगाळत असेल तर फरशी आणि उघड्या भिंती ध्वनी परत फेकत आहेत, असे समजावे. जाड सतरंज्या, खिडक्यांना पडदे आणि मागच्या भिंतीवर कापडी फलक एवढ्याने बराच फरक पडतो. छताचे पंखे पूर्ण वेगाने सुरू ठेवू नयेत, कारण त्यांचा आवाज ध्वनिक्षेपकातूनही येतो. वातानुकूलन असेल तर ते कार्यक्रमाच्या दोन तास आधी सुरू करावे आणि शेवटपर्यंत तसेच ठेवावे. वाद्ये जुळल्यानंतर यंत्र सुरू केले की दहा मिनिटांत तानपुरे आणि तबला स्वरातून सुटतात.

ध्वनिव्यवस्था

ध्वनिव्यवस्था ही विद्यापीठांतील मैफलींची सर्वांत दुबळी बाजू आहे. सभागृहाची जी यंत्रणा भाषणांसाठी बसवलेली असते तीच मैफलीला वापरली जाते, आणि भाषणात जे खपते ते गाण्यात खपत नाही. दीडशे श्रोत्यांच्या खोलीत गायकाला एक, तबल्याला एक किंवा दोन, पेटीला एक आणि दोन तानपुऱ्यांत मिळून एक, एवढे मायक्रोफोन पुरेसे असतात. कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू यावा यासाठी मंचावर मॉनिटर हवा, आणि त्यात तानपुरा भरपूर असावा. कृत्रिम प्रतिध्वनी बंद ठेवावा, मग तंत्रज्ञ कितीही आग्रह करो.

प्रकाशाचे मंदक (डिमर), प्रक्षेपक (प्रोजेक्टर) आणि ध्वनियंत्रणा एकाच वीजजोडणीवर असतील तर ध्वनिक्षेपकातून अखंड गुणगुण येते. आपल्या वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे ही गुणगुण आणि तिचे दुप्पट-चौपट वारंवारतेचे उपस्वर पेटीवरील पांढरी पाच या स्वराच्या किंचित वर पडतात. काळी एक हा षड्ज धरून गाणाऱ्या गायकाला त्यामुळे सगळा वेळ एक परका स्वर कानाशी घेऊन गावे लागते. आदल्या दिवशी सर्व यंत्रे सुरू करून, सभागृह रिकामे असताना पाच मिनिटे केवळ ऐकत बसावे. गुणगुण ऐकू आली तर ध्वनियंत्रणेला वेगळी जोडणी द्यावी आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

तानपुरे

विद्यापीठाकडे तानपुऱ्यांची स्वतःची एक जोडी असावी, असा माझा प्रत्येक विभागाकडे आग्रह असतो. मिरजेच्या कारागिरांनी केलेल्या जोड्या देशभर जातात, आणि मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पुरुषांच्या खालच्या पट्टीसाठी (पट्टी म्हणजे षड्ज म्हणून धरलेला स्वर) आणि स्त्रियांच्या काळी चार-पाच या पट्टीसाठी वेगवेगळ्या आकाराची व तारांची वाद्ये लागतात. दोन्ही जोड्या घेणे शक्य नसेल तर कलाकाराची पट्टी आधी विचारून ती जोडी उसनी आणावी. इलेक्ट्रॉनिक तानपुरा सोबतीला चालेल, पण त्याच्यावरच भागवू नये. घोडीवरील जवारीत (तारा जिथे टेकतात त्या पृष्ठभागावर) सुताचा धागा केसभर सरकवला की तार एकाएकी बोलू लागते. तो क्षण विद्यार्थ्यांना ऐकायला मिळायला हवा, म्हणून वाद्ये जुळवण्याची अर्ध्या तासाची वेळ मी मुद्दाम खुली ठेवतो. ज्यांना यायचे आहे त्यांनी शांतपणे येऊन बसावे. कलाकाराची परवानगी मात्र आधी घ्यावी.

संगीत विभागातील विद्यार्थ्यांना तानपुऱ्यावर बसण्याची संधी द्यावी, आणि त्यांची नावे निवेदनात घ्यावीत.

निवेदन आणि श्रोते

निवेदकाने कलाकाराची पदके वाचून दाखवू नयेत. गुरू कोण, आज कोणता राग, कोणता ताल, साथीला कोण, एवढे चार वाक्यांत सांगून मंचावरून उतरावे. रागाचे आणि बंदिशीचे (रागात बांधलेल्या गीताचे) नाव कलाकाराकडूनच निश्चित करून घ्यावे, कारण चुकीचे नाव जाहीर होणे हे कलाकाराला फार लागते. बंदिशीचे शब्द एका पानावर छापून श्रोत्यांना द्यावेत. ब्रज भाषेतील शब्द ऐकून नव्या श्रोत्याला कळत नाहीत, आणि शब्द हाती असले की गायक तोच मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) किती रीतींनी मांडतो याकडे त्याचे लक्ष जाते.

दाद कधी द्यावी, याविषयी विद्यार्थी संकोचतात. सम नेमकी साधली किंवा एखादी जागा आवडली की ‘वा’ म्हणायला हरकत नाही, हे प्रास्ताविकातच सांगावे. उशिरा आलेल्यांना विलंबित ख्याल संपेपर्यंत दाराशी थांबवावे. प्रश्नोत्तरांसाठी चिठ्ठ्या घ्याव्यात. उभे राहून विचारायला लाजणारे विद्यार्थी चिठ्ठीवर मोलाचे प्रश्न लिहितात, आणि प्रश्नाऐवजी भाषण करणाऱ्यांनाही आळा बसतो.

ध्वनिमुद्रण आणि जतन

ध्वनिमुद्रण किंवा थेट प्रक्षेपण करायचे असेल तर कलाकार आणि सर्व साथीदार यांची लेखी संमती आधी घ्यावी. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क असतो, आणि संमतीशिवाय केलेले मुद्रण त्या हक्काचा भंग ठरते. संमतीपत्रात मुद्रण ग्रंथालयात ऐकण्यापुरते आहे की इंटरनेटवरही जाणार, हे वेगवेगळे लिहावे. पुष्कळ कलाकार पहिल्याला आनंदाने होकार देतात आणि दुसऱ्याला नकार, आणि त्यांचा तो नकार मनापासून मानावा.

मुद्रणासोबत दिनांक, स्थळ, कलाकार, साथीदार, पट्टी, प्रत्येक राग, ताल, बंदिशीचा मुखडा आणि ती किती मिनिटांनी सुरू होते याची नोंद त्याच रात्री करावी. आठवड्याने ही नोंद करायला बसले की बंदिशी आठवत नाहीत, आणि नावाविना पडलेले ध्वनिमुद्रण पुढील संशोधकाच्या उपयोगी पडत नाही. ग्रंथपालांना एक प्रत आणि नोंदीचा कागद दुसऱ्या दिवशी सुपूर्द करावा. तानपुऱ्यांच्या तारा थोड्या सैल करून, जवारीवरचा धागा काढून, वाद्ये गवसणीत घालून भिंतीपासून दूर, ओल नसलेल्या जागी ठेवावीत. मानधनाची नोटशीट त्याच सकाळी वित्त विभागात नेऊन द्यावी.